कल्याण–बदलापूर उपनगरी रेल्वे विस्तार आणि भाडेनिश्चिती

कल्याण–बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका हा मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी जाळ्यातील एक विस्तार प्रकल्प आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या शहरांमधून जाणाऱ्या सध्याच्या दोन रुळांशेजारी आणखी दोन रूळ टाकणे, हे त्याचे स्वरूप आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) '३ अ' या टप्प्यात त्याचा समावेश असून त्याची लांबी सुमारे १४ किलोमीटर व अंदाजित खर्च सुमारे १,५१० कोटी रुपये आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळ (एमआरव्हीसी) ही त्याची अंमलबजावणी करणारी संस्था आहे.

लांबीने हा प्रकल्प लहान असला, तरी उपनगरी वाहतुकीच्या नियोजनातील व भाडेनिश्चितीतील एक जुना प्रश्न त्याने पुन्हा पुढे आणला आहे. रूळ दोनच असताना गर्दीच्या वेळी एक गाडी वाढवायची, तर बहुधा दुसरी एखादी काढावी लागते. अशा मार्गावर कोणती गाडी कोणत्या भाड्याने धावणार, हा निर्णय केवळ दराचा राहत नाही. कोणाला गाडीत जागा मिळणार, हेही त्यातच ठरते. २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलवरून बदलापुरात झालेले आंदोलन याच कारणाने घडले.

मार्ग आणि वस्ती

मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणपासून आग्नेयेकडे जाणारा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत सुरू झाला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाल्यावर हाच फाटा पुण्याकडे जाणारा मुख्य मार्ग बनला. उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या मार्गाची आखणी झाली, ती घाटापलीकडील माल व प्रवासी बंदरापर्यंत आणण्यासाठी. रोज सकाळी कामाला जाऊन रात्री परतणारा प्रवासी त्या वेळी कोणाच्याही हिशेबात नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या त्या आखणीवर आज तीन शहरे आपला दिवस काढत आहेत.

कल्याणनंतर या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड व कर्जत ही स्थानके आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६०, बदलापूर सुमारे ६८ आणि कर्जत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अंबरनाथ व बदलापूर यांमधील अंतर शेजारच्या स्थानकांच्या मानाने बरेच मोठे आहे. मधल्या पट्ट्यात मोठी वस्ती उभी राहिल्याने तेथे चिखलोली हे नवे स्थानक उभारले जात आहे.

तिन्ही शहरांची घडण वेगवेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही 'कॅम्प' या शब्दाने व क्रमांकाने ओळखले जातात. कपडे, फर्निचर व छोट्या कारखान्यांमुळे येथे स्थानिक रोजगार मोठा आहे. म्हणजे उल्हासनगर स्थानकावर सकाळी केवळ चढणाऱ्यांची नव्हे, तर उतरणाऱ्यांचीही गर्दी असते. शिवाय कर्जत शाखेवरील विठ्ठलवाडी व उल्हासनगर यांच्या जोडीला कसारा शाखेवरील शहाड हे स्थानकही शहराच्या एका टोकाला लागून आहे. अंबरनाथला आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहत यांचा आधार मिळाला. बदलापूरची वाढ मात्र प्रामुख्याने घरांची आहे. मुंबई, ठाणे, डोंबिवली येथे घर परवडेनासे झालेली कुटुंबे पुढे सरकत येथे आली.

जनगणनेचे आकडे हा फरक दाखवतात. २०११ मध्ये उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची सुमारे अडीच लाख व कुळगाव-बदलापूरची सुमारे पावणेदोन लाख होती. बदलापूरची संख्या २००१ मध्ये एक लाखाच्याही आत होती. दहा वर्षांत ती सुमारे पाऊणपटीने वाढली. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने पुढचा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. नियोजनाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही, कारण येथील अनेक गृहसंकुले २०११ नंतरची आहेत.

दोन रुळांवरील वाहतूक

कल्याणहून मुंबईकडे लोकलसाठी चार रूळ आहेत, दोन धीम्या व दोन जलद गाड्यांसाठी. लांब पल्ल्याच्या गाड्यांकरिता त्यांच्या जोडीला पाचवी-सहावी मार्गिका टप्प्याटप्प्याने टाकली गेली. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने मात्र रूळ दोनच. बदलापूर व अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल, कर्जत-खोपोलीच्या लोकल, डेक्कन क्वीनसारख्या मुंबई–पुणे गाड्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या एक्सप्रेस व मालगाड्या या साऱ्यांना त्याच दोन रुळांवरून जावे लागते. येथे धीमी-जलद अशी वेगळी वाट नाही. एक्सप्रेसला पुढे सोडण्यासाठी लोकल थांबवून ठेवणे हा या मार्गावरचा नेहमीचा अनुभव आहे.

कल्याण स्थानकात ही अडचण आणखी वाढते. कसारा व कर्जत या दोन्ही शाखा तेथे एकत्र येतात आणि लोकल व लांब पल्ल्याच्या गाड्या एकमेकींच्या वाटेत येतात. त्यामुळे '३ अ' टप्प्यात कल्याण यार्डाची फेररचना हे स्वतंत्र काम समाविष्ट आहे. बदलापूरपर्यंत चार रूळ झाले आणि यार्ड जुनेच राहिले, तर नव्या रुळांचा उपयोग कल्याणच्या वेशीवर येऊन थांबेल. वृत्तपत्रांत या दोन कामांच्या बातम्या वेगवेगळ्या येत असल्या, तरी त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पर्यायी वाट नसण्याचा परिणाम आपत्तीच्या वेळी अधिक स्पष्ट होतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना सुरक्षित बाहेर काढावे लागले. २० ऑगस्ट २०२४ रोजी शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या निषेधार्थ नागरिक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, तेव्हा या शाखेवरील वाहतूक अनेक तास बंद होती. दोन घटनांची कारणे सर्वस्वी वेगळी आहेत. एकाच ठिकाणी मार्ग अडला की पलीकडचा सारा प्रदेश तुटतो, एवढेच त्यांत समान आहे.

गर्दीच्या वेळी रूळ अपुरे पडत असल्याने प्रवाशांनी आपले उपाय शोधले आहेत. अंबरनाथ व उल्हासनगर येथील अनेकजण सकाळी आधी उलट दिशेने बदलापूरपर्यंत जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की तीतून बसून येतात. याला 'डाऊन करणे' म्हणतात. त्यामुळे बदलापुरात गाडी रिकामी होण्याऐवजी भरलेलीच लागते आणि तेथून चढणाऱ्याला आपल्याच स्थानकातून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळत नाही. दोन गावांच्या प्रवाशांमधील कुरबुरींचे हे कायमचे कारण आहे. एरवी एकाच डब्यात वर्षानुवर्षे एकत्र प्रवास करणाऱ्यांमध्ये ही तेढ जागेच्या टंचाईनेच आणलेली आहे.

मंजुरी ते प्रत्यक्ष काम

मुंबई रेल्वे विकास महामंडळाची स्थापना १९९९ मध्ये झाली. त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के व महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के आहे. एमयूटीपीच्या कामांचा खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलावा, असे सूत्र आहे. त्यातील मोठा भाग कर्जातून उभा राहतो. पहिल्या दोन टप्प्यांना जागतिक बँकेने आणि तिसऱ्या टप्प्याला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने कर्ज दिले. डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे १०,९४७ कोटी रुपयांची कामे असून पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग व विरार–डहाणू चौपदरीकरण ही त्यांतील प्रमुख आहेत. '३ अ' टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली. त्याचा पूर्णत्वाचा खर्च ३३,६९० कोटी रुपये धरण्यात आला होता आणि काम पाच वर्षांत पुरे होईल, असे सांगण्यात आले होते. कल्याण–बदलापूर मार्गिकांच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली आहे.

हा विलंब अपवादात्मक नाही. ठाणे–दिवा पाचवी व सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली होती. ती १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आली. दरम्यान खर्च सुमारे ६२० कोटी रुपयांवर गेला. जागा मिळवणे, अतिक्रमणे हटवून कुटुंबांचे पुनर्वसन करणे, जलवाहिन्या व वीजवाहिन्या हलवणे, पादचारी पूल पाडून नव्याने बांधणे, आणि हे सारे चालू वाहतुकीच्या शेजारी रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये बसवणे, अशा कामांत वर्षे जातात. कल्याण–बदलापूर पट्ट्यातही रुळांना लागूनच दाट वस्ती व बाजार आहेत. कमी खर्चात भूसंपादन होण्याचा काळ केव्हाच मागे पडला.

येथे नवी मुंबईशी तुलना उपयोगी ठरते. वाशी, बेलापूर, पनवेल या मार्गांच्या खर्चापैकी ६७ टक्के भाग सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलला. सिडको ही जमिनीची मालक व शहराची विकासक असल्याने रेल्वेमुळे वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा काही वाटा रेल्वेकडे परत वळवणे शक्य झाले. तेथील प्रवाशांना तिकिटावर सिडकोचा अधिभारही द्यावा लागला. अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यात जमीन अनेक खासगी मालकांची होती आणि बांधकाम परवानग्या नगरपालिकांच्या स्तरावर दिल्या गेल्या. स्थानकाजवळच्या घराची किंमत रेल्वेमुळे वाढली, तरी त्या वाढीतून रूळ टाकायला पैसा आला नाही. जाहिरातींत 'स्थानकापासून पाच मिनिटांवर' हे शब्द मात्र मोठ्या अक्षरांत छापले गेले. या पट्ट्यात आधी घरे आली, मग माणसे, आणि रूळ त्यांच्या मागून येत आहेत.

पासाचा हिशेब

मुंबई उपनगरी प्रवासाचे दर अंतरावर ठरतात. नियमित प्रवाशाच्या दृष्टीने एकेरी तिकिटापेक्षा मासिक पास महत्त्वाचा असतो. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारणपणे १५ एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका असतो; त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट आणि सहामाही ५.४ पट. महिन्याला २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो. त्यामुळे पासधारकाला प्रत्येक फेरी एकेरी भाड्याच्या सुमारे ३० टक्क्यांत पडते.

जून २०१४ मध्ये रेल्वेने प्रवासी भाड्यात १४.२ टक्के वाढ जाहीर केली. तिच्यासोबतच मासिक पास १५ ऐवजी ३० एकेरी प्रवासांवर मोजण्याचा निर्णय होता. दोन्ही एकत्र धरता पासाचा दर दुपटीहून अधिक झाला असता. मुंबईत तीव्र विरोध झाला आणि काही दिवसांतच सरकारने पासाचे १५ प्रवासांचे सूत्र पूर्ववत केले; तसेच ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी दुसऱ्या वर्गाला भाडेवाढीतून वगळले. या मर्यादेत बदलापूर आले, पण कर्जत आले नाही. दूरच्या प्रवाशाला, म्हणजे सामान्यतः स्वस्त घरासाठी अधिक लांब गेलेल्याला, सवलत कमी मिळाली. त्यानंतरच्या भाडेवाढींत उपनगरी प्रवास व पास यांना हात लावणे टाळले गेले आहे. १ जुलै २०२५ च्या वाढीतूनही ते वगळण्यात आले होते.

रेल्वेची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रवासी वाहतुकीवरील प्रत्येक १०० रुपयांच्या खर्चामागे प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात आणि उरलेला भार रेल्वे सोसते, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२४ मध्ये संसदेत सांगितले. हा आकडा संपूर्ण देशातील प्रवासी वाहतुकीचा आहे. उपनगरी सेवा तोट्यात चालते आणि तो तोटा मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरला जातो, ही रेल्वेची जुनी तक्रार आहे. उलट बाजूने, एमयूटीपीच्या कर्जफेडीसाठी मुंबईच्या प्रवाशाने तिकिटावर व पासावर अधिभार भरला आहे, हेही विसरून चालणार नाही. विस्ताराचा काही भार आपण उचलला, परंतु त्यातून मिळणारी गाडी वेळेवर आली नाही, अशी येथील प्रवाशांची भावना आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही.

स्वस्त पासाचा लाभ केवळ प्रवाशाला होतो, असे समजणेही अपुरे आहे. मुंबईतील दुकाने, रुग्णालये, कार्यालये व कारखाने यांना कमी वेतनावर माणसे मिळतात, कारण ती माणसे ६०–७० किलोमीटर दूर राहून रोज येऊ शकतात. म्हणजे पासावरील सवलतीचा एक हिस्सा मालकवर्गाच्या पदरात पडतो. फ्रान्समध्ये हा हिशेब कायद्याने मांडला आहे. पॅरिस परिसरात १९७१ पासून मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो, कर्मचाऱ्याच्या पासाची किमान निम्मी रक्कम मालकाला द्यावी लागते आणि २०१५ पासून दूरच्या उपनगरातील रहिवाशालाही जवळच्याइतक्याच दरात पास मिळतो. मुंबईत अशा कराची चर्चा फारशी होत नाही. भाडे वाढवावे की वाढवू नये, एवढ्यावरच वाद थांबतो.

वातानुकूलित लोकलचा वाद

देशातील पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. सुरुवातीच्या चढ्या दरांमुळे या गाड्यांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. ५ मे २०२२ पासून त्यांचे एकेरी भाडे निम्म्यावर आणण्यात आले. पहिल्या ५ किलोमीटरसाठीचे ६५ रुपये ३० झाले, ५० किलोमीटरचे २०५ रुपये १०० झाले आणि १०० किलोमीटरचे २९० रुपये १४५ झाले. पासाचे दर मात्र तेव्हा उतरवले नाहीत. कपात अधूनमधून प्रवास करणाऱ्याला लाभली, रोजच्याला नाही.

साध्या लोकलमध्ये पहिला व दुसरा वर्ग एकाच गाडीत असतात. गाडी एक, वेळ एक. ऐपतीप्रमाणे डबा वेगळा. वातानुकूलित लोकल ही पूर्ण गाडीच वेगळ्या दराची असते. साध्या गाडीचा पास असलेल्याला ती समोर उभी असूनही चढता येत नाही. ज्या मार्गावर दर तीन-चार मिनिटांनी गाडी आहे, तेथे एखादी गाडी सोडावी लागल्याने फार बिघडत नाही. बदलापूरच्या दिशेने मात्र दोन गाड्यांमधील अंतर बरेच असते. तेथे एक साधी गाडी वातानुकूलित झाली, तर तिचे प्रवासी पुढच्या, आधीच भरलेल्या गाडीत कोंबले जातात.

ठाणे–दिवा मार्गिका सुरू झाल्यावर मिळालेल्या ३६ जादा फेऱ्यांपैकी बहुतेक वातानुकूलित होत्या. चौदा वर्षे वाट पाहून मिळालेली क्षमता अशा रीतीने चढ्या दराच्या सेवेकडे गेली. त्यानंतर १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर आणखी दहा फेऱ्या वातानुकूलित केल्या. या वेळी नव्या फेऱ्या वाढवलेल्या नव्हत्या. चालू साध्या गाड्यांच्या जागी त्या आणल्या होत्या. कळवा येथे प्रवाशांनी गाडी अडवली. संध्याकाळी मुंबईहून सुटणारी बदलापूर लोकल वातानुकूलित झाल्याने बदलापुरात प्रवाशांनी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयासमोर निदर्शने केली. २५ ऑगस्टपासून या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या करण्यात आल्या.

या आंदोलनाकडे 'वातानुकूलनाला विरोध' म्हणून पाहिले गेले, ते बरोबर नव्हते. आपली गाडी गेली, ही प्रवाशांची तक्रार होती. फेरी जादा असती तर विरोध झाला असता, असे मानायला आधार नाही. ज्या अधिकाऱ्यांनी निर्णय घेतला, त्यांनी एकूण फेऱ्यांचा आकडा कायम असल्याचे पाहिले. ठरावीक वेळेच्या ठरावीक गाडीवर किती घरांचे वेळापत्रक बसलेले असते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

मुंब्रा दुर्घटनेनंतर

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर कसाऱ्याहून मुंबईकडे येणारी व कर्जतकडे जाणारी अशा दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चारजणांचा मृत्यू झाला व अनेक जखमी झाले. मुंबई उपनगरी रेल्वेवर अपघातांत दर वर्षी मरण पावणाऱ्यांची संख्या हजारांत आहे. २०२४ मध्ये ती सुमारे अडीच हजार होती. त्यातील मोठा वाटा रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूंचा असला, तरी धावत्या गाडीतून पडून मरणारेही शेकड्यांनी मोजावे लागतात.

या दुर्घटनेनंतर पुढे येणाऱ्या सर्व लोकल स्वयंचलित दरवाजांच्या असतील, असे रेल्वेने जाहीर केले. बंद दारांच्या गाडीत हवा खेळती राहिली पाहिजे, म्हणून साध्या गाडीचीही नवी रचना करण्याचे ठरले. एमआरव्हीसीने तिसऱ्या व '३ अ' टप्प्यांसाठी मिळून २३८ वातानुकूलित गाड्या घेण्याची प्रक्रिया हाती घेतली आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, दुसऱ्या वर्गाचे भाडे न वाढवता सर्व लोकल वातानुकूलित करण्याचा मानस असल्याचे सांगितले.

हे आश्वासन अमलात आले, तर २०२२ चा वाद मुळातून निकालात निघेल. सगळ्या गाड्या सारख्याच दराच्या झाल्या की 'माझी गाडी' आणि 'त्यांची गाडी' हा भेद उरत नाही. पण त्यासाठी दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्या लागतील. पहिली, दरांतील तफावत कोण भरून काढणार: केंद्र, राज्य की अधिभाराच्या रूपाने पुन्हा प्रवासी. कर्जे दीर्घ मुदतीची असतात आणि त्यांची परतफेड आश्वासन देणाऱ्यांच्या कार्यकाळाच्या पलीकडे जाते. दुसरी गोष्ट संक्रमणाच्या काळाची. शेकडो गाड्या एका दिवसात येत नाहीत. निम्म्या गाड्या नव्या व निम्म्या जुन्या अशी काही वर्षे जाणारच, आणि त्या काळात दोन दर राहिले तर बदलापूरचा प्रसंग दुसऱ्या स्थानकांवरही घडू शकतो. बंद दारांचा आणखी एक परिणाम आहे. आज जे प्रवासी दारात लटकून जातात, त्यांना दार मिटल्यावर फलाटावरच थांबावे लागेल. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, परंतु फेऱ्या वाढल्याशिवाय दारे मिटली, तर गर्दी डब्यातून फलाटावर येईल, आणि अंबरनाथ किंवा विठ्ठलवाडीसारख्या स्थानकांचे फलाट व पूल अगोदरच भरलेले असतात.

चार रुळांनंतर

तिसरी व चौथी मार्गिका पूर्ण झाल्यावर लोकल व लांब पल्ल्याच्या गाड्या बदलापूरपर्यंत बऱ्याच अंशी वेगळ्या धावू शकतील. लोकलचा वक्तशीरपणा सुधारणे हा पहिला लाभ असेल. फेऱ्या वाढणे त्यामानाने कठीण आहे. बदलापूरहून निघालेली प्रत्येक नवी लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत न्यायची, तर कल्याणपुढच्या जलद किंवा धीम्या रुळांवर तिला वेळ हवा, आणि तेथे कसारा शाखा व डोंबिवली-ठाणे यांच्या गाड्या आधीच दाटीवाटीने धावतात. मुंबईच्या टोकाला कुर्ला ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही पाचवी-सहावी मार्गिका २००८ पासून मंजूर असूनही अपुरी आहे. त्यामुळे नव्या फेऱ्यांपैकी काही बदलापूर–कल्याण किंवा कर्जत–ठाणे अशा मर्यादित पल्ल्याच्या असण्याची शक्यता अधिक. ठाणे व नवी मुंबईत नोकरी करणाऱ्यांना त्या सोयीच्या ठरतील. मुंबईला जाणाऱ्याला मात्र कल्याण किंवा ठाण्याला गाडी बदलावी लागेल, आणि भरलेल्या गाडीत मधूनच चढणे काय असते, हे त्याला सांगण्याची गरज नाही.

दोन गाड्यांमधील अंतर कमी करणारी नवी सिग्नल यंत्रणा '३ अ' टप्प्यात आहे. बारा डब्यांच्या गाड्या पंधरा डब्यांच्या करण्यासाठी फलाट लांबवण्याची कामेही चालू आहेत. तीन डबे वाढल्याने एका गाडीची क्षमता २५ टक्क्यांनी वाढते आणि त्यासाठी नवा रूळ लागत नाही. तुलनेने लवकर पदरात पडणारा हा उपाय आहे. त्याला नव्या रुळांइतकी प्रसिद्धी मिळत नाही, एवढेच.

पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग सुरू झाल्यावर कर्जत परिसरातून नवी मुंबईकडे जाणाऱ्यांना कल्याणचा वळसा घ्यावा लागणार नाही. बदलापूरकरांना त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्यांना त्यासाठी आधी उलट दिशेने कर्जत गाठावे लागेल. कांजूरमार्ग–बदलापूर या प्रस्तावित मेट्रो १४ कडे अनेकांचे लक्ष आहे. परंतु मेट्रोचे दर लोकलच्या पासाच्या पातळीवर राहतील, असे मुंबईतील आजवरच्या मेट्रोमार्गांवरून दिसत नाही. लोकलचा पास व मेट्रोचे भाडे एका हिशेबात आणणारी व्यवस्था झाली नाही, तर मेट्रो ही दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशासाठी आणखी एक परवडत नसलेली गाडी ठरेल.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने बदलापूर–कर्जत या सुमारे ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला मान्यता दिली. गुजरातमधील देवभूमी द्वारका–कानालूस दुहेरीकरणासह या दोन कामांचा एकत्रित खर्च २,७८१ कोटी रुपये आहे. वांगणी, शेलू व नेरळ परिसरात घरांची विक्री वेगाने होत असून बदलापुरात २००१ नंतर जे घडले, त्याचीच पुनरावृत्ती तेथे चालू आहे. या वेळी मंजुरी वस्ती पूर्ण दाटण्याआधी आली आहे. रुळांच्या कडेची जमीन आताच ताब्यात घेतली जाते की नाही, यावर पुढील कामाचा वेग व खर्च अवलंबून राहील.